गुग्गुळ कोरड्यात तगतो, पण खारवट जमिनीत?

माळकरी: सोलापूर जिल्ह्यात ओढ्याकाठी २ एकर काळी पडीक जमीन आहे. उन्हाळ्यात वर पांढरी खपली धरते. माती अहवालात सामू (pH) ८.८, ईसी (क्षार किती ते दाखवणारी विद्युत वाहकता, dS/m मध्ये) २.१ (१ भाग माती : २.५ भाग पाणी द्रावण). बोअरच्या पाण्याची ईसी ३. गुग्गुळ (औषधी डिंकाचं झुडूप) कच्छ-राजस्थानात जवळपास पाण्यावाचून जगतो, मग इथे १०० रोपं लावली तर जगतील का?

क्षारपड: कच्छ म्हटलं की खारं रण डोळ्यांपुढे येतं, पण गुग्गुळ तिथे खडकाळ टेकड्यांच्या उतारावर असतो, जिथे पाणी थांबत नाही. वर्षातला बराच काळ तो निष्पर्ण राहतो. कागदासारख्या सालीखालचा हिरवा थर तेवढ्यात थोडंफार अन्न बनवत राहतो. ही पाणी वाचवायची सोय झाली. मीठ बाहेर टाकायची सोय वेगळी असते: खाडीकाठच्या खारफुटीतलं तिवर पानांतून मीठ टाकतं, कांदळ बरंचसं मुळाशीच अडवतो.

आता तुमचा आकडा. १:२.५ ची ईसी कमी दिसते. काळ्या मातीत संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी ढोबळमानाने तिप्पट धरा, म्हणजे सहाच्या पुढे. ईसीला ०.३६ ने गुणलं की क्षार पाण्याला किती ओढून धरतात ती ओढ बार या दाबाच्या एककात मिळते, इथे सव्वादोन. माती अर्धी सुकली की तीच ओढ दुप्पट होते. ओल दिसत असूनही रोप तहानलेलं का, ते यात आलं.

चर_आणि_जिप्सम: सामू ८.८ म्हणजे जमीन नुसती क्षारपड (खारी) नाही, चोपण (सोडियम जास्त, निचरा कमी) असण्याची दाट शक्यता. विनिमयशील सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेल्या सोडियमचा वाटा) तपासून घ्या. १५ टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम, तेही प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेइतकंच. कॅल्शियमने सोडियम सुटतो, पण तो वाहून जायला आधी चर हवा. चर नसताना टाकलेलं जिप्सम म्हणजे पैसे मातीत, अक्षरशः.

माळकरी: वरच्या अंगाला १० गुंठे मुरमाड पट्टा आहे, तिथे खपली धरत नाही. तिथे?

क्षारपड: तिथेच लावा, ओढ्याकाठ सोडा.

फाटेकलम: रोपवाटिकेतल्या झाडाचे फाटे घ्या, रानातले तोडू नका. आययूसीएनच्या लाल यादीत (संकटातल्या प्रजातींची जागतिक यादी) गुग्गुळ 'अतिसंकटग्रस्त' आहे, डिंकासाठी खोल चिरे देऊन झाडं मारली गेलीत. फाटा बोटभर जाड, २५–३० सेंमी, टोक वरच ठेवून पावसाळ्याच्या तोंडाला लावा. चिखलात बुडखा कुजतो, म्हणून पिशवीत निम्मी वाळू. लागवड २ × २ मीटरवर.

वरंब्यावर लावणार असाल तर माथ्यावर नको, कुशीत लावा, कारण बाष्पीभवनाने मीठ माथ्यावर गोळा होतं. ठिबकचा ओला गोळा संपतो त्या कडेलाही तेच. आणि लांब उघडिपीनंतरची हलकी सर फसवी: वरचं मीठ मुळांपर्यंत नेते, खाली ढकलत नाही. त्या दिवशी ठिबक बंद करू नका.

मुळांशी ईसी ६ पर्यंत ठेवायची तर ३ ईसीचं जेवढं पाणी द्याल त्यातलं ११ टक्के मुळांखाली निचरून जावं लागतं: १० लिटरची गरज असेल तिथे सव्वाअकरा द्या. मुरमात हे जमेल, चोपणात नाही.

बियांपासून करायचं असेल तर काळं बी निवडा, पिवळट बी बहुधा पोकळ निघतं.