राईनपाडा, फॉरवर्डची मर्यादा आणि परदेशी संशोधन केंद्रं: त्यांच्यासोबत काम करावं का?

सह्यकडा (धागाकर्ता)

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती मर्यादा जाहीर केली, की एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली.

या मर्यादेने अफवा थांबतात का, हे तपासणाऱ्यांत ब्राझीलच्या मिनास जेराइस विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ होते आणि अमेरिकेतल्या एमआयटीचे संशोधक. त्यांनी ब्राझील, भारत आणि इंडोनेशिया या तीन देशांतल्या सार्वजनिक ग्रुपमधली माहिती एकत्र घेतली. मर्यादेमुळे मेसेज पसरायला वेळ लागतो, पण जे खरोखर व्हायरल होतं ते अडत नाही, असा निष्कर्ष २०१९ मध्ये आला. रक्त आपल्या गावात सांडलं, नियम आपल्यापासून सुरू झाला, आणि तपासणी ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात झाली. मला याचा राग नाही, उलट त्या लोकांबद्दल कृतज्ञताच आहे. पण त्या टेबलावर महाराष्ट्रातलं एखादं विद्यापीठ असायला हवं होतं, हे मनातून जात नाही.

टेबलं आहेत. २०१२ मध्ये इंटरनेट आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांचं एक जागतिक जाळं उभं राहिलं. हार्वर्डचं बर्कमन सेंटर, बर्लिनची हुम्बोल्ट इन्स्टिट्यूट, तुरिनचं नेक्सा, जपानचं केओ विद्यापीठ, रिओतलं एफजीव्ही या शिक्षणसंस्थेचं केंद्र आणि आपल्याकडचं बंगळुरूचं सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी हे सुरुवातीपासूनचे. माझं मत सरळ आहे: कंपन्या एकाच वेळी शंभर देशांत नियम बदलतात, त्यांना एका देशातून तपासता येत नाही. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर इथल्या विभागांनी अशा कामात उतरावं, दिल्लीत काही होईल म्हणून वाट बघत बसू नये.

मुळाकाठ

मूळ प्रश्नच पटला नाही. अशा जाळ्यांत पैसा कोणाचा असतो ते आधी बघा. बर्लिनची जी संस्था तुम्ही सांगता, ती गूगलने दिलेल्या ४५ लाख युरोंवर उभी राहिली. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनेच संशोधकांच्या २० गटांना प्रत्येकी ५० हजार डॉलर दिले. ज्याची चौकशी करायची त्याच्याच खिशातून चौकशीचा खर्च! अहवाल खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण कोणता प्रश्न विचारायचा हे अनुदानाच्या अर्जातच ठरतं, आणि तो अर्ज राईनपाड्यात लिहिला जात नाही.

आणि आपल्याकडच्या खऱ्या लढाया इथल्याच लोकांनी जिंकल्या. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. त्यानंतर कायद्याचं शिक्षण घेणारी एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ ला अशा अटकांचा आधार असलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. त्यासाठी हार्वर्डची शिफारस लागली नाही.

टोरांटोकर

मुळाकाठ, कलम ६६अ चा मुद्दा मान्य. पण तो कायदा डोळ्यांसमोर होता, छापील होता. जे दिसतच नाही त्याचं काय?

मी ज्या शहरात राहतो तिथल्या विद्यापीठात २००१ पासून सिटिझन लॅब ही इंटरनेटवरची हेरगिरी शोधणारी प्रयोगशाळा आहे. २००८ मध्ये दलाई लामांच्या कार्यालयाला शंका आली की आपल्या संगणकातून काहीतरी बाहेर जातंय. संशोधक धर्मशाळेला गेले, तिथल्या संगणकांतून बाहेर पडणारी वाहतूक त्यांनी जागेवरच नोंदवली, आणि ती नोंद टोरांटोतल्या लोकांनी उलगडली. त्यातून चोरांचे नियंत्रक सर्व्हरच हाती लागले. मार्च २००९ च्या अहवालात आकडा होता १०३ देशांतले १,२९५ संगणक, त्यांत दूतावास आणि परराष्ट्र खाती. पुढच्या वर्षीच्या अहवालात तर आपल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयातली कागदपत्रं चोरीला गेल्याचं निघालं.

धर्मशाळेत बसलेला माणूस नसता तर टोरांटोला काही दिसलं नसतं, आणि टोरांटो नसतं तर धर्मशाळेतली शंका शंकाच राहिली असती. यात दिल्लीला लाभ झाला की तोटा, तुम्हीच सांगा.

पंचगंगा

मी कोल्हापूर भागात एका महाविद्यालयात शिकवते. वरचं सगळं वाचलं, पण प्रत्यक्षात काय होतं तेही ऐका.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी विद्यापीठाच्या प्रकल्पात आमचा विभाग होता. विषय ग्रामीण बायकांचा मोबाइल वापर. आमच्या मुली शिरोळ आणि शाहूवाडीत घरोघरी फिरल्या. फोन घरात एकच, तो दिवसभर नवऱ्याकडे किंवा मुलाकडे, बाईच्या हातात रात्री जेवणं उरकल्यावर येतो. त्यामुळे मुलाखती रात्री. बायका बोलायच्या ते सासू आत गेल्यावर. मुलींनी ते सगळं रेकॉर्ड केलं, उतरवून काढलं, इंग्रजीत करून पाठवलं. रेकॉर्डिंग तिकडच्या सर्व्हरवर गेलं. पुढे माझ्या एका विद्यार्थिनीला त्याच मुलाखतींवर पीएचडी करायची होती. उत्तर आलं, की त्यांच्या नैतिकता समितीच्या परवानगीत हा वापर बसत नाही. छापून आलेला लेखसुद्धा आमच्या ग्रंथालयाला विकत घ्यावा लागला असता. आमची नावं आभारात होती.

ज्या बाईने सासूची नजर चुकवून तोंड उघडलं, तिचा आवाज तिच्या जिल्ह्यातल्या मुलीला ऐकायला मिळत नाही. याला मी सहकार्य म्हणणार नाही. आधी आपलं भांडार, आपली समिती, आपली शिस्त उभी राहू दे. मग बोलवा कोणालाही.

सह्यकडा

पंचगंगाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हे चूकच आहे, आणि ते करारातच अडवायला हवं होतं: मूळ रेकॉर्डिंगची प्रत इथे राहील, इथल्या विद्यार्थ्यांना वापरता येईल, लेख सर्वांना खुला असेल, आणि जी मुलगी रात्री घरोघरी फिरली तिचं नाव लेखकांत असेल. हे मान्य नसेल तर सही करू नये.

पण 'आधी आपलं, मग बोलवा' याला माझा विरोध आहे. ते 'आधी' किती वर्षांचं? फेसबुकवरच्या सार्वजनिक पोस्ट कशा पसरतात हे बघायला संशोधकांकडे क्राउडटँगल होतं, मेटाने ते १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. आपल्याकडे कंपनीकडून माहिती मागण्याचा संशोधकांना कायदेशीर हक्क नाही. युरोपात तो आहे, त्यांच्या डिजिटल सेवा कायद्याच्या चाळिसाव्या कलमात. त्यांच्यासोबत बसलो तर दार किलकिलं तरी होईल.

मुळाकाठ

त्या कलमाखाली मागायची माहिती युरोपीय संघातल्या धोक्यांच्या अभ्यासासाठी असावी लागते. साक्री तालुका त्यात कुठे बसतो? दार त्यांच्या घराचं आहे. आपल्या संसदेकडे तसाच हक्क मागा. ती ताकद बर्लिनच्या परिसंवादात खर्च करू नका.

हिशेबनीस

दोघांनीही पैशाची व्यावहारिक बाजू सोडून दिली आहे. मी संस्थांचे हिशेब बघतो म्हणून सांगतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

याचा अर्थ समजून घ्या. बंगळुरू-दिल्लीतल्या मोठ्या संस्थेला पैसा मिळाला तरी ती त्यातला वाटा लातूरच्या एखाद्या छोट्या गटाला अनुदान म्हणून देऊ शकत नाही. लातूरच्या गटाने स्वतः नोंदणी करायची, तर ती सहज मिळत नाही. म्हणून जागतिक जाळ्यात भारत म्हणजे दोन-तीन महानगरांतली तीच ती नावं. यात हार्वर्डचा दोष नाही.

नेटवर्कवाला

पैशाशिवाय होणारं कामही आहे. मी एका छोट्या ब्रॉडबँड कंपनीत होतो, म्हणून हा विषय जवळचा.

आपल्याकडे संकेतस्थळ बंद करण्याचे सरकारी आदेश २००९ च्या नियमांनुसार गोपनीय असतात. यादी प्रसिद्ध होत नाही. मग कळणार कसं? ऊनी नावाचं एक खुलं ॲप आहे. ते तुमच्या फोनवरून, तुमच्याच सिमच्या जोडणीवरून ठरलेल्या यादीतली संकेतस्थळं उघडून बघतं, आणि तेच पान अडथळा नसलेल्या जागेवरून कसं दिसतं त्याच्याशी ताडतं. पत्ता चुकीचा सांगितला गेला, की जोडणी मधेच तोडली, हे वेगवेगळं नोंदवतं. नोंदी जगाला खुल्या, कोणीही उतरवून घ्यावं.

बंगळुरूच्या केंद्राशी जोडलेल्या संशोधकांनी २०२० मध्ये स्वतःच्या चाचण्यांनी सहा कंपन्या तपासल्या. निदान एका कंपनीने अडवलेली ४,०३३ संकेतस्थळं सापडली, पण सहाही कंपन्यांनी अडवलेली फक्त १,११५. म्हणजे तुम्ही काय वाचू शकता हे तुमचं सिम कोणाचं यावर ठरतं! हे हार्वर्डमध्ये बसून कोणालाही कळलं नसतं.

ताई, तुमच्या अटी इथे पाळता येतात. नोंदी खुल्या असल्यामुळे तुमच्या विद्यार्थिनींपासून कोणी काही लपवू शकत नाही. मात्र ॲप चालवणाऱ्याला धोका समजावून सांगायला हवा, कारण कोणत्या जोडणीवरून काय उघडलं हे कंपनीला दिसतं.

पंचगंगा

खुल्या नोंदींचं पटलं. पण संकेतस्थळ अडवलं की नाही हे यंत्र सांगेल, शाहूवाडीतल्या बाईच्या हातात फोन का येत नाही हे नाही सांगणार. त्या मुलाखती खुल्या टाकताच येत नाहीत, नाव काढलं तरी गावात आवाज ओळखतात. त्यामुळे माझी अट अजून तिथेच आहे: रेकॉर्डिंग जिल्ह्याबाहेर जाणार नाही, ज्याला ऐकायचं त्याने इथे येऊन ऐकावं. हे मान्य करणारं परदेशातलं केंद्र कोणाला माहीत असेल तर नाव सांगा. पुढच्या सत्राआधी मी स्वतः त्यांना पत्र लिहीन.