आंबट पदार्थांत रोगजंतू मरतात, ही समजूत सोडून द्यावी का?

रानवेल

आंबट पदार्थ बाधत नाही, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. पाणीपुरीच्या पाण्यात चिंच आहे, कोशिंबिरीवर लिंबू पिळले आहे, ताक चांगले आंबट आहे, म्हणजे पोट बिघडण्याची धास्ती नाही, असे आपण सहज धरून चालतो. माझे मत असे आहे की ही समजूत अर्धवट आहे आणि अर्धवट असल्यामुळेच धोक्याची आहे. आम्लामुळे बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, हे खरे. पण वाढ थांबणे वेगळे आणि जंतू मरणे वेगळे. अन्नातून आतड्यांपर्यंत पोहोचणाऱ्या जिवाणूंना वाटेत जठरातल्या तीव्र आम्लातून जावेच लागते, त्यामुळे आम्लात तग धरण्याची सोय ज्यांच्याकडे आहे तेच प्रामुख्याने आपल्याला आजारी पाडतात.

इ. कोलाय या आतड्यांतल्या जिवाणूचेच पाहा. बाहेरची आम्लता वाढली की प्रोटॉन (आम्लातून सुटणारे हायड्रोजनचे धनभारित कण) पेशीत शिरू लागतात आणि आतला सामू (म्हणजे पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) घसरतो. अशा वेळी गॅड-ए आणि गॅड-बी ही विकरे (एन्झाइम) ग्लुटामेट या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून त्याचे गॅबा नावाचे संयुग बनवतात आणि या प्रत्येक क्रियेत एक प्रोटॉन खर्ची पडतो. पेशीपटलातले गॅड-सी हे प्रथिन तयार झालेले गॅबा बाहेर टाकते आणि बाहेरचे ताजे ग्लुटामेट आत घेते. बाहेरचा सामू 2.5 इतका खाली गेला असतानाही पेशीच्या आतला सामू 4 च्या वर राहतो, तो या व्यवस्थेमुळे. आर्जिनिन आणि लायसिन वापरणाऱ्या अशाच आणखी दोन व्यवस्था तिच्या जोडीला असतात. पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत एचडीई-ए नावाचे एक लहान प्रथिन जोडीजोडीने स्वस्थ पडून असते. सामू 3 च्या खाली गेला की या जोड्या सुटतात आणि सुटे झालेले रेणू आम्लामुळे उलगडू लागलेल्या इतर प्रथिनांना धरून ठेवतात, म्हणजे त्यांच्या गुठळ्या होत नाहीत.

साल्मोनेला या अन्नातून पसरणाऱ्या दुसऱ्या जिवाणूकडे ग्लुटामेटची ही सोय नाही, तरीही तो हार मानत नाही. 1990 मध्ये जॉन फॉस्टर आणि हॉली हॉल यांनी दाखवून दिले की, सामू 5.8 च्या सौम्य आम्लात थोडा काळ वाढू दिलेला साल्मोनेला पुढे 3.3 च्या तीव्र आम्लात टाकला, तर अशी पूर्वतयारी न झालेल्या साल्मोनेलापेक्षा कितीतरी अधिक संख्येने जगतो. सौम्य आम्ल त्याला मारत नाही, उलट पुढच्या आघातासाठी सावध करते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे, कारण आपल्या ताटातली बरीचशी आम्लता या सौम्य प्रकारात मोडते.

आणि ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओडवाला कंपनीच्या न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून इ. कोलायचा ओ157 हा घातक प्रकार पसरला. साठाहून अधिक लोक आजारी पडले आणि एका तान्ह्या मुलीचा मृत्यू झाला. सफरचंदाच्या रसाचा सामू साधारण 3.5 ते 4 असतो. इतक्या आंबट रसातून असा आजार होऊ शकतो, हे तोवर अनेकांच्या गावीही नव्हते.

शेवगा

मी खाद्यप्रक्रिया उद्योगात काम करतो आणि रानवेल यांच्या मांडणीला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यांनी दिलेली माहिती चुकीची नाही; तिच्यातून काढलेला निष्कर्ष अतिरेकी आहे. आम्लता हे अन्न टिकवण्याचे माणसाला सापडलेले सर्वांत जुन्या आणि सर्वांत भरवशाच्या साधनांपैकी एक आहे. सामू 4.6 च्या खाली ठेवला की बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही आणि त्याचे विषही तयार होत नाही, या एका आकड्यावर डबाबंद अन्नाचे अख्खे नियमन उभे आहे. "ही समजूत सोडा" असे सरसकट सांगितले, तर लोक लोणच्यातला व्हिनेगर कमी करतील आणि खरा धोका तिथे निर्माण होईल.

शिवाय रानवेल केवळ सामूबद्दल बोलतात, आम्ल कोणते आहे याचा विचार करत नाहीत. जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल प्रोटॉनचा मारा बाहेरून करते. व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल आणि दह्यातले लॅक्टिक आम्ल यांची तऱ्हा निराळी आहे. या आम्लांचे अखंड राहिलेले रेणू पेशीपटलातून सरळ आत जातात, आत सामू जास्त असल्यामुळे तिथे त्यांचे विघटन होते, आणि मग प्रोटॉनही आतच सुटतो व उरलेला ऋणभारित अंशही आतच साठत जातो. ॲसेटिक आम्लाचे निम्मे रेणू 4.76 सामूला अखंड असतात, सायट्रिक आम्लाच्या बाबतीत हाच आकडा 3.1 च्या आसपास आहे. म्हणून समान सामूला व्हिनेगर लिंबापेक्षा जास्त मारक ठरतो. सफरचंदाच्या रसात मुख्यतः मॅलिक आम्ल असते. त्या एका उदाहरणावरून सगळ्या आंबट पदार्थांवर अविश्वास दाखवणे न्यायाचे नाही.

माजघर

शेवगा यांच्या बाजूने एक गोष्ट सांगावीशी वाटते. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊमध्ये 1990 च्या दशकात कॉलऱ्याची साथ आली होती. तिथे भातावर घेतल्या जाणाऱ्या रश्श्यात लिंबाचा रस घालणाऱ्या लोकांना कॉलरा कमी झाला, असे साथीच्या अभ्यासात दिसले आणि त्या रसात कॉलऱ्याचा जिवाणू टिकत नाही हे प्रयोगातही आढळले. लिंबू पिळणाऱ्या आपल्या आजीला अडाणी ठरवण्याआधी याचा विचार व्हावा. जिथे शुद्ध पाणी आणि इंधन या दोन्हींची चणचण असते, तिथे हातातले लिंबू काढून घेऊन आपण त्या माणसाला काय देणार आहोत?

रानवेल

माजघर यांचे उदाहरण मोलाचे आहे आणि ते खोडून काढायची मला गरज वाटत नाही. कॉलऱ्याचा जिवाणू आम्लाला फार नाजूक आहे. स्वयंसेवकांवर झालेल्या जुन्या चाचण्यांत खाण्याच्या सोड्याने जठरातले आम्ल उदासीन केल्यावर कॉलरा होण्यासाठी पुष्कळच कमी जिवाणू पुरले होते. पण ओ157 चे शंभराहून कमी जिवाणूसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात, आणि जो उपाय एका जिवाणूला लागू पडतो तो दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. घरात कोशिंबीर करणाऱ्याला तिच्यात कोणता जिवाणू आहे हे कधीच ठाऊक नसते, म्हणून सल्ला सर्वांत चिवट जिवाणूला समोर ठेवून द्यायला हवा.

शेवगा यांचा आम्लाच्या प्रकाराचा मुद्दा मला मान्य आहे. तरीही पूर्वतयारीचा परिणाम सेंद्रिय आम्लांसमोर नाहीसा होत नाही. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ओ157 ला आधी लॅक्टिक आम्लाची सवय करून दिली होती. असे जिवाणू सलामी या आंबवलेल्या मांसाच्या पदार्थात आणि सफरचंदाच्या रसात, तशी सवय नसलेल्यांपेक्षा जास्त टिकले.

दह्याचेही तेच आहे. आपल्या घरचे दही सुरक्षित असते, याचे श्रेय आपण आंबटपणाला देऊन टाकतो. परंतु विरजण लावण्यापूर्वी दूध उकळलेले असते, आणि रोगजंतू मारण्याचे खरे काम त्या उकळीने आधीच केलेले असते. कच्च्या दुधाला विरजण लावले आणि थंडीच्या दिवसांत दही लागायला वेळ लागला, तर सामू हळूहळू उतरतो, आणि हळूहळू उतरणारा सामू म्हणजे जिवाणूला सावध व्हायला मिळालेला अवधी. पुढे त्याच दह्याच्या ताकात न उकळलेले पाणी आणि बाजारचा बर्फ पडतो तो वेगळाच.

शेवगा

दह्याबद्दलचे म्हणणे बिनतोड आहे, पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. आम्लाला वेळ आणि तापमान यांची साथ लागते, हे लोकांना शिकवले पाहिजे. आम्ल निकामी आहे हे नव्हे. इथे बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट असणारी एक बाब नोंदवतो. आंबट पदार्थ फ्रीजमध्ये ठेवला की त्यातले जिवाणू लवकर मरत नाहीत, उलट जास्त दिवस टिकतात, कारण थंडीत आम्लाची मारक क्रियाही मंदावते. कच्च्या अंड्याच्या मेयोनेझमध्ये पुरेसे व्हिनेगर घातल्यावर ते आधी काही काळ खोलीच्या तापमानाला ठेवावे आणि मग फ्रीजमध्ये टाकावे, असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. लोणचे मुरण्यासाठी आपण बरणी बाहेरच ठेवतो, त्यामागे चवीइतकेच सुरक्षिततेचेही कारण आहे.

कंदील

दोघांनाही एक प्रश्न विचारतो. शेवगा म्हणतात त्याप्रमाणे आम्लाला वेळ लागत असेल, तर आयत्या वेळी पिळलेल्या लिंबाचा उपयोग किती? लिंबू पिळल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत पाच मिनिटेही जात नाहीत. आणि माझ्या वडिलांसारखे जे लोक रोज आम्लपित्ताची गोळी घेतात, त्यांच्या बाबतीत हा हिशेब कसा बदलतो?

शेवगा

आयत्या वेळी पिळलेल्या लिंबावर मी स्वतः भरवसा ठेवणार नाही. गिनी-बिसाऊमध्येही रस पुरेशा प्रमाणात रश्श्यात मिसळलेला होता आणि समोर कॉलऱ्याचा नाजूक जिवाणू होता. चिरलेल्या काकडीवर लिंबाचे चार थेंब पडले, तर काकडीच्या आतल्या पाण्यामुळे सामू फारसा उतरतही नाही. रानवेल यांच्याशी माझा वाद लोणची, व्हिनेगर आणि नीट आंबवलेल्या पदार्थांपुरता आहे, आणि त्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

रानवेल

कंदील यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्यांनी जठरातले आम्ल घटते आणि अशा लोकांमध्ये साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंच्या संसर्गाचा धोका वाढलेला आढळतो. जठराची जी गाळणी निरोगी माणसाला पुष्कळ वेळा वाचवते, ती त्यांच्याकडे विरळ झालेली असते. त्यांनी डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये. मात्र न तापवलेला रस, कच्चे अंडे आणि रस्त्यावरचे चिंचेचे पाणी टाळावे.

ओडवालाच्या घटनेनंतर अमेरिकेने आधी 1998 मध्ये न तापवलेल्या रसावर इशारा छापणे बंधनकारक केले, आणि 2001 मध्ये असा नियम केला की रस बनवणाऱ्या कारखान्याने प्रक्रियेतून रोगजंतूंची संख्या 1 लाख पटींनी कमी करून दाखवली पाहिजे. रसाच्या मूळच्या आंबटपणाला तिथे प्रक्रिया म्हणून धरलेले नाही. आपल्याकडे रस आणि पाणीपुरी विकणाऱ्यांना जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात पाणी, बर्फ आणि हात धुणे यांच्या जोडीला एवढे एक वाक्य असावे, अशी माझी मागणी आहे: चिंच आणि लिंबू चवीसाठी घाला, पाणी मात्र उकळूनच वापरा.