नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन घरात काय करता?

प्रेषक: शाहूपुरी तिसरी गल्ली (सध्या शिकागो)

कोल्हापूरकर मंडळी, नमस्कार.

परवापासून शाळेला दोन आठवडे सुट्टी. थोरली सहाची, धाकटा साडेतीनचा. आळीत दारोदार दिवे लागलेत. झाडाला आमचा विरोध नाही, गेल्या वर्षी आणलंही होतं. पण परवा थोरली म्हणाली, "मैत्रिणीकडं दर वर्षी तेच तेच करतात, म्हणून मज्जा येते. आपलं दर वर्षीचं काय आहे?" मी दिवाळी म्हटलं. तर म्हणते, "दिवाळीला शाळा असते, आणि तू ऑफिसातून दमून येतेस."

आता यावर काय बोलणार? आमची दिवाळी म्हणजे जवळचा शनिवार आणि मंडळाचा हॉल.

तर डिसेंबरात, ऐन थंडीत, आपल्याकडं घरात लोक काय करायचे? मला संक्रांतच आठवते आणि तोवर शाळा सुरू झालेली असते.

---

प्रेषक: राजारामपुरी नववी गल्ली

गोधडीत शिरून शेंगा खायचे आणि टरफलं गादीखाली ढकलायचे. आमच्या घरची परंपरा हीच. आई झाडू घेऊन आली की सण संपला.

---

प्रेषक: मंगळवार पेठ (यंदा खरंच मंगळवार पेठेतून)

ताई,

आम्ही यंदा सुट्टीला कोल्हापुरात आहोत. पहाटेचे पावणेपाच वाजलेत. पोरं चारलाच टक्क जागी होऊन बसलीत. एरवी या वेळी मी वैतागलो असतो, पण आज जागरण कामाला आलं, कारण आज आमचा धुंधुरमास आहे.

विसरला असाल तर सांगतो. सूर्य धनु राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबरपासून भोगीपर्यंत. त्यात उजाडता उजाडता जेवायचं. नाष्टा नव्हे, चांगलं पान वाढून जेवण. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. काही घरांत महिनाभर करतात, आमच्यात एकच रविवार. आई म्हणते रात्र मोठी, थंडीनं भूक खवळलेली, पोटाला काय तिथी कळते?

पोरांना यात आवडतं ते जेवण नाही, काम. थोरली डाळ-तांदूळ धुते. धाकटा चार वर्षांचा आहे, त्याच्याकडं भाकरीवर तीळ लावायचं खातं. निम्मे तीळ भाकरीवर, निम्मे फरशीवर. वांगं बंबाच्या निखाऱ्यात भाजायचं, तिथं दोघं पाटावर बसून पहारा देतात.

आता तुमच्या कामाचं. गेल्या वर्षी आम्ही तिकडं शिकागोतच होतो. आईचे सकाळचे साडेसहा म्हणजे आपले आदल्या संध्याकाळचे सात. म्हणजे पोरांच्या जेवणाचीच वेळ! तिची रविवारची पहाट, आपली शनिवारची संध्याकाळ, शाळेची आणि ऑफिसची भानगड नाही. फोन भिंतीला टेकवून तिनं तिकडं पान घेतलं, आम्ही इकडं. आपल्याकडं अंधार पडून अडीच तास झालेले, तिच्याकडं उजाडायला लागलेलं. थोरलीनं विचारलं, "आजी उद्याचं जेवतीय का?" सातच्या सुमाराला समोरच्या कौलांवर ऊन आलं, तसा आईनं फोन उचलून खिडकीला लावला आणि पोरांना सूर्य दाखवला. धाकटा उठून आपल्या खिडकीशी जाऊन बघून आला.

(न्यू जर्सीवाल्यांना आठ वाजतील, चालेल. लंडनवाल्यांना रात्रीचा एक. त्यांनी आपलं बघावं.)

एक चूक मात्र करू नका. मी ओव्हनमध्ये वांगं ठेवताना टोचे मारायला विसरलो. ते आत फुटलं, धूर झाला, अलार्म बोंबलायला लागला. पोरांच्या मते कार्यक्रमातला सगळ्यात भारी भाग तोच. आत्तासुद्धा बंबाजवळ बसून धाकटा विचारतोय, "अलार्म कधी वाजणार?"

इथं असल्यावर गुऱ्हाळ चुकवायचं नाही, हे दुसरं. तुमची शाहूपुरी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठीच वसली, आणि तुमच्या पोरांनी गूळ फक्त पाकिटात बघितलाय! काल गेलो होतो. चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, काहिलीत उकळणारा रस, त्यात रानभेंडीचं पाणी पडलं की वर येणारी मळी. थोरली अर्धा तास एका जागी उभी होती. शेवटी गुळव्यानं पाकाचा थेंब पाण्यात सोडून गोळी वळते का बघितलं, आणि मग काहील वाफ्यात रिकामी केली. उसाच्या कांडीवर गरम गूळ मिळाला. काहिलीपाशी धाकट्याचा हात मात्र एक मिनिट सोडला नाही, लहान पोरं नेणार असाल तर तेवढं सांभाळा. येताना काकवी आणली. आज भाकरीबरोबर तीच.

आणि नाताळ सोडलाय असं नाही. चोवीस तारखेला पोरांना वायल्डर मेमोरियल चर्चची रोषणाई दाखवायला नेणार. वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांनी तिकडचा नाताळ इथं आणला, आपण इथला धुंधुरमास तिकडं न्यायचा. फिटंफाट.

जाता जाता: आठवडाभरात थोरली आजीसारखं, कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, "मी जेवतो, मी येतो" बोलायला लागलीय. मराठी शाळेच्या बाईंना विनंती, सुधारू नका.

---

प्रेषक: उत्तरेश्वर पेठ (न्यू जर्सी)

मंगळवार पेठेनं नैवेद्य सांगितलाच नाही. आधी देवाला दाखवायचा, मग पोरांचं पान. बाकी झकास.

ताई, संक्रांतीला शाळा असते म्हणून अडू नका. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळं शनिवार सापडतोच. धाकट्याचं पाच पूर्ण व्हायच्या आत करून घ्या. काळा झबला, हलव्याचे दागिने, शेजारची पाच-सहा पोरं.

मी आयुष्यभर लहान मुलांची डॉक्टर होते, तेव्हा एवढं ऐका. चारच्या आतल्या मुलांना शेंगदाणे, कडक गोळ्या, हलवा, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. आणि बोरन्हाणात नेमकं तेच डोक्यावरून ओततो आपण! खाली पडलेलं पोरं वेचून सरळ तोंडात टाकतात, तुमची पाठ वळेपर्यंत. मी चुरमुरे भरपूर घेते आणि बाकी कागदाची फुलं, छोट्या गाड्या, खोडरबर असलं काहीतरी. तेसुद्धा अगदी बारीक नको. बोरं मिळाली तर मोठ्यांनी खावीत. दागिने फोटोपुरते घालून लगेच उतरवायचे. धाकट्या नातवानं मुकुट चाटून अर्धा केला होता.

हलवा घरी करणार असाल तर हीच वेळ. कोरड्या थंडीत काटा छान येतो. मंद आच, पाक चमचा चमचा, आणि दोन-तीन दिवसांची चिकाटी. माझी एका दिवसाची आहे, म्हणून विकत आणते.

---

प्रेषक: शाहूपुरी तिसरी गल्ली

काका, काकू, दोघांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी सात, ठरलं. आईला फोन केला. तिला वाटलं कुणीतरी आजारी आहे. धुंधुरमास म्हटल्यावर आधी हसली, मग म्हणाली, "मी एकटीसाठी दहा वर्षांत केला नाही."

बाजरीचं पीठ डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलं. कालची भाकरी थापताना तीन तुकडे झाले. थोरली म्हणते तिघांना एकेक, बरोबर झालं. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं का कोमट? आईला विचारलं तर म्हणते "अंदाजानं".

---

प्रेषक: मंगळवार पेठ

कडकडीत पाण्यात, आणि लागेल तेवढंच मळायचं, ठेवून द्यायचं नाही. हातावर जमत नसेल तर ओल्या फडक्यावर थापा. वांग्याला टोचे मारा.

---

प्रेषक: शाहूपुरी तिसरी गल्ली

मारणार होते. थोरलीनं तुमची मेल वाचून घेतली, आता एक वांगं बिनटोच्याचं ठेवायला सांगतीय.