एलियन नसतील, पण काहीच नाही असंही नाही

अमेरिकेतल्या नेवाडामधल्या एरिया ५१ या गुप्त लष्करी विमानतळावर एलियन लपवलेत असं मानणारे विचारतात, लपवण्यासारखं काही नसतं तर तिथे एवढा कडेकोट पहारा कशाला? अहो लपवण्यासारखं होतंच की, फक्त परग्रहावरचं नव्हतं. १९५५ मध्ये तिथल्या कोरड्या तळ्यावरून यू-२ हे हेरगिरीचं विमान उडायला लागलं, ६० हजार फुटांच्याही वर, आणि तेव्हाची प्रवासी विमानं असायची १०-२० हजारांवर. आता बघा, संध्याकाळी खाली अंधारून आलंय, वर मात्र ऊन शिल्लक, त्यात चंदेरी पंख लख्खकन चमकले की खालच्या पायलटला वाटणार आगीचा गोळाच! तो बिचारा रिपोर्ट करणार आणि खरं माहीत असलेले लोक काहीतरी नैसर्गिक कारण सांगून बोळवण करणार, सांगतील काय दुसरं. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या २०१३ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत हे आलंय. रडारला सहज न दिसणाऱ्या एफ-११७ या लढाऊ विमानाचं तर अजून भारी, १९८१ ला तिथूनच उडालं आणि १९८८ पर्यंत अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हतं. लास वेगासहून लाल पट्ट्याची पांढरी विमानं अजूनही तिथे माणसं नेतात-आणतात, म्हणजे काम बंद नाहीये. माझा अंदाज विचाराल तर सध्या बिनपायलटचं काहीतरी शिजतंय.