सरकारी जाहिरात कुठे संपते आणि पक्षाची कुठे सुरू होते?

चष्मेवाला:
आज पेपर उघडला तर पहिलं पान अख्खं एका योजनेच्या जाहिरातीचं. अर्ध्यात हसरा चेहरा, आणि अर्ज कुठे करायचा ते वाचायला मला चष्मा पुसावा लागला. पैसा करातला, प्रचार कुणाचा? याला काही धरबंध आहे का? कोणता पक्ष वाईट यावरची भांडणं इथे नकोत, प्लीज.

कलमबहाद्दर:
आहे, पण सैल. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ ला सांगितलं होतं की सरकारी जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो चालतील. राज्यांनी फेरविचार मागितला आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्र्यांनाही परवानगी मिळाली. पक्षाचं नाव, चिन्ह, झेंडा मात्र आजही चालत नाही.

पानलाव्या:
बावीस वर्षं पेपरात पानं लावली, म्हणून सांगतो. चिन्ह कशाला लागतं? रंग पुरतो.

एक शिष्यवृत्तीची जाहिरात आठवते. पहिल्या प्रुफात शेवटची तारीख ठळक होती. दुरुस्ती आली, ‘साहेबांचा फोटो मोठा करा.’ जागा आणायची कुठून? तारीख सहा पॉइंटात, म्हणजे अगदी बारीक अक्षरात गेली. मग दुसऱ्या साहेबांचाही फोटो आला, तेव्हा कागदपत्रांची यादीच उडाली. तिच्या जागी ‘अधिक माहितीसाठी संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा’. कार्यालय कुठलं, ते नव्हतंच. मी विचारलं, तर ‘तुम्ही पान छपाईला सोडा’ म्हणाले. सोडलं.

आणि आचारसंहिता लागली की सरकारी खर्चाने कामगिरीच्या जाहिराती बंद. म्हणून निवडणूक जाहीर होण्याआधीच्या आठवड्यात आमच्याकडे रांग लागायची, पानं वाढवावी लागायची. नियम पाळूनच सगळं!

माझी कसोटी साधी आहे. फोटोवर हात ठेवा. खाली कोणाला, कुठे, कधीपर्यंत एवढं उरलं तर ती माहिती.

दूरचा वाचक:
कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००४ च्या कायद्यानुसार सरकारी जाहिरात छापण्याआधी महालेखापरीक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. ऐकायला झकास. पण २०१५ मध्ये कायदा बदलून ‘पक्षीय’ कशाला म्हणायचं याची व्याख्याच आखडती केली. मंजुरी राहिली, तपासायला फारसं उरलं नाही.

पानलाव्या:
म्हणजे तिकडेही तारीख सहा पॉइंटातच.

चष्मेवाला:
पानलाव्या, आत्ताच फोटोवर हात ठेवून पाहिला. अर्जाची मुदत गेल्या शुक्रवारी संपली आहे.