देवासमोरची शपथ आणि नरकासुराची वर्गणी

मांडवीकाठ
काल वाड्यावरची पोरं नरकासुराची, म्हणजे दिवाळीत जाळायच्या पुतळ्याची, वर्गणी मागायला आली. त्यांतला मोठा असेल दहा-अकरा वर्षांचा. म्हणाला, "काका, तुम्ही शंभरच द्या, आमदार पाच हजार देणार आहेत." म्हटलं, ते का देतात रे? "आम्ही त्यांचा बॅनर लावतो ना!" इतकं सहज. हाच उद्या पंच होणार, परवा सरपंच.

२०२२ च्या जानेवारीत, निवडणुकीआधी, गोव्यात काँग्रेसने आपले उमेदवार पणजीच्या महालक्ष्मीकडे, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेले आणि पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सप्टेंबरात निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपात गेले. माझं मत: पन्नाशीच्या माणसाला शपथ घालून काही होत नाही. जे घडायचं ते दहाव्या वर्षाच्या आत, घरातच घडतं.

शंकेखोर
मांडवीकाठबाब, म्हणजे खापर पुन्हा आईबापांच्याच डोक्यावर? १९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी १० हजारांहून जास्त मुलांना फसवायची संधी देऊन पाहिलं: पेपरात, खेळात, घरी. पेपरात लबाडी करणारा खेळात सरळ वागू शके, खेळात लबाडी करणारा पेपरात. कायमचं प्रामाणिक मूल फारसं सापडलंच नाही.

आणि ८ च का फुटले, ७ का नाही? घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, दोन-तृतीयांश आमदार असले तर दुसऱ्या पक्षात विलीनीकरण चालतं, आमदारकी जात नाही. ११ चे दोन-तृतीयांश काढा, सातापेक्षा जास्त येतात, म्हणजे ७ पुरत नाहीत. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचेच १५ पैकी १० गेले, तेही अगदी काट्यावर. यात बालपण कुठं दिसतं तुम्हाला? मला वजाबाकी दिसते.

म्हापसा_तिठा
नोकरीसाठी आमदाराच्या दारात सकाळी सहाला रांग कोण लावतो? आपणच ना? आणि पोरगा स्कूटरवर पुढं उभा असतो, सगळं बघत.

निवृत्त मास्तर
शंकेखोर, हार्टशॉर्न-मे यांच्याच आकड्यांची १९६३ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा मुलाच्या स्वभावाचा थोडासा समान धागा निघाला होता. बारीक, पण होता. म्हणून तुमचं निम्मंच मान्य.

मला या शपथेवरून मानसशास्त्रज्ञ पियाजे आठवतात. त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये गोट्या खेळणाऱ्या मुलांना बसून प्रश्न विचारले. पाच-सहा वर्षांची पोरं म्हणत, नियम मोठ्यांनी, देवानं केलेत, बदलायचे नाहीत. गंमत म्हणजे तीच पोरं खेळताना वाटेल तसं खेळत! दहा-अकराची झाली की म्हणत, नियम आपणच ठरवतो, सगळे हो म्हणाले तर बदलू. आणि तीच ते पाळतही. आता सांगा, उमेदवारांना तीन देवांपुढे उभं करणाऱ्यांनी त्यांना कुठल्या इयत्तेत बसवलं?

मी प्राथमिकला होतो. मॉनिटर मीच नेमायचो आणि तो बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा, त्याच्या मित्रांची सोडून. एका वर्षी म्हटलं, नियम तुम्हीच करा. आठवडाभर नुसती भांडणं झाली. मग त्यांनी ठरवलं की मॉनिटरचं नावही दुसऱ्या कुणीतरी लिहायचं. सगळी सुधारली असं नाही हो. पण मॉनिटर व्हायला धडपडणारी दोन पोरं एकदम गप्प झाली.

पेडणेकरीण
मास्तर, त्या गोट्यांच्या घोळक्यात पोरी किती होत्या?

मी पाच वर्षं पंच होते, राखीव जागेवर. पहिल्याच महिन्यात घरी काजूगरांचा डबा आला, खाली पाकीट. बांधकामाची एनओसी हवी होती. माझे बाबा पोस्टात होते, सरकारी पेनसुद्धा घरी आणत नसत. सगळे म्हणाले, बाबांचे संस्कार, म्हणून डबा परत केलास. खोटं कशाला बोलू? बाबा त्या क्षणी आठवलेच नाहीत. दार माझ्या नववीतल्या मुलीनं उघडलं होतं आणि ती डब्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. ती ट्यूशनला गेलेली असती तर? अजून माहीत नाही मला.

शंकेखोर
ताई, हेच तर मी म्हणतोय. बघणारं कुणी होतं म्हणून.

पेडणेकरीण
नाही, तुम्ही म्हणताय माणूस नुसता संधी बघतो. दुसरा डबा आला तेव्हा घरात कुणी नव्हतं, तोही परत गेला. पहिल्यांदा लाज वाटली, दुसऱ्यांदा सवय झाली होती. आणि ही सवय मला त्रेचाळिसाव्या वर्षी लागली, मांडवीकाठबाब, दहाव्या नव्हे.

मांडवीकाठ
बरं, घरातच घडतं हे मागे घेतो, निम्मं. पण ती पोरं आज संध्याकाळी परत येणार आहेत, मी "उद्या या" म्हटलं होतं. किती देऊ?

निवृत्त मास्तर
शंभर द्या आणि दिवाळीनंतर वहीत लिहिलेला हिशेब घेऊन या म्हणावं. अर्धी पोरं फिरकणार नाहीत. जो वही घेऊन येईल त्याला आणखी शंभर माझ्याकडून.

म्हापसा_तिठा
आणि आमदाराकडं हिशेब कोण मागणार, मास्तर?