टोमॅटोला फुलं ढीगभर, फळ मात्र नाही (गच्ची, सिंहगड रोड)

गच्चीवाली: नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत ग्रो बॅगमध्ये टोमॅटो लावले. रोपं कमरेएवढी, हिरवीगार. फुलंही भरपूर येतात, पण देठाच्या मधल्या गाठीपाशी पिवळी पडतात आणि सकाळी खाली सडा. कीड दिसत नाही, पाणी रोज, शेणाची स्लरी दर आठवड्याला. नर्सरीवाले म्हणतात खत वाढवा. सासूबाई म्हणतात उपट आणि मिरच्या लाव. काय करू?

बागवेडा_वाकड: मधमाश्या येत नसतील. शेजारी झेंडू लावून बघा.

जुन्नरकर: झेंडू लावा, छान दिसेल, पण दुखणं ते नाही. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. पराग आतल्या नळीत बंद असतो, फूल हललं की स्त्रीकेसरावर सांडतो. साध्या मधमाशीला तो नीट झटकता येत नाही. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो ना, त्या थरथरीने पडतो.

तुमचा खरा वैरी ऊन. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्री २२-२४ च्या खाली उतरत नसेल तर पराग वांझ होतो, झाड फूल टाकून देतं. तेही आजच्या उन्हाने नाही. फूल उमलण्याआधी आठवडा-दीड आठवडा, कळी चिमुकली असताना जे ऊन लागतं ते भोवतं. म्हणून आज सावली केली आणि परवा फळ धरलं नाही तर लगेच शेडनेट (सावलीची जाळी) उतरवू नका.

नेट ५० टक्क्यांचं पुरे, डोक्याच्या वर उंच बांधा, वारा खेळला पाहिजे. सकाळचं ऊन मिळू द्या, अडवायचं ते दुपारी बारा ते चारचं. गच्चीत रात्रीचा त्रास जास्त: दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. पिशव्या विटांवर उचलून ठेवा, संध्याकाळी फरशीवर पाणी मारा. मातीवर पाचट (उसाचा वाळका पाला) किंवा सुका पाला चार बोटं जाड. पाणी सकाळी लवकर. पाइपमधलं पहिलं पाणी मुळाशी घालू नका, उन्हात पडलेल्या पाइपात ते चटके बसण्याइतकं तापतं.

स्लरी बंद! तिच्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की झाड पानांत रमतं, तुमची ती कमरेएवढी हिरवाई त्याचीच. आणि सासूबाईंना सांगा, मिरचीही याच उन्हात फुलं टाकते. उन्हाळ्यात लावायचंच तर भेंडी, गवार.

गच्चीवाली: फुलं हलवायची म्हणजे हाताने?

जुन्नरकर: बॅटरीवरचा टूथब्रश असेल तर उत्तम. घोसाच्या देठाला मागून दोन सेकंद लावा, कधी कधी पिवळी धूळ उडताना दिसते. नसेल तर आधाराच्या काठीला टिचकी. वेळ नऊ ते अकरा, दव वाळल्यावर पण ऊन चढण्याआधी. फुलांवर पाणी फवारू नका, पराग चिकटून बसतो. पराग आधीच वांझ असेल तर ब्रश काही करणार नाही, हेही आहेच.

शेतीशौकीन: शेतकरी फूलगळीला एनएए (झाडांचं संप्रेरक) फवारतात, ते चालेल का?

जुन्नरकर: शेतात मोजून मारतात, आमच्या घरीही मारलंय. दहा पिशव्यांसाठी तेवढं बारीक माप कोण काढणार? जास्त पडलं तर पानं आकसतात. गच्चीत तरी नकोच.

गच्चीवाली: मग ही रोपं ठेवू की काढू? मे महिना तर अजून पुढेच आहे.

जुन्नरकर: शेंडे हिरवे असतील तर ठेवा. पावसाने रात्री गार झाल्या की तीच झाडं पुन्हा फळ धरू शकतात. फक्त पाऊस यायच्या आत जमिनीलगतची पानं काढून टाका, नाहीतर मातीचे शिंतोडे उडून करपा रोग चढतो. पुढच्या वेळी दोन-तीन पिशव्यांत चेरी टोमॅटो लावा, मोठ्या फळाच्या जातींपेक्षा त्या उन्हाळा बऱ्या काढतात.

गच्चीवाली: नेट आणायला निघाले. पाचट मात्र इथे कुठे मिळणार?

जुन्नरकर: त्याऐवजी रसवंतीवाल्याकडे चिपाडं मागा, फुकट देतो. दोन दिवस उन्हात वाळवून मगच घाला, ओली घातलीत तर मुंग्या लागतील.